ओळखा पाहू: बायबल साहित्य म्हणून वाचताना

बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की गाडी हमखास निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायाशी रुतते. उत्पत्तीतल्या गोष्टी सरसर वाचून होतात, इस्राएली लोक मिसरातून (इजिप्तमधून) सुटतात, समुद्र दुभंगतो, आणि मग अचानक मापं सुरू होतात. कोश, म्हणजे देवाच्या कराराची पवित्र पेटी, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. मग पडदे, कड्या, खांब. हे एकतिसाव्या अध्यायापर्यंत चालतं. मध्ये सोन्याच्या वासराचं प्रकरण होतं आणि ३५ ते ४० या अध्यायांत तीच मापं जवळजवळ शब्दशः पुन्हा येतात. त्यापुढे लेवीय. तिथे मिटलेलं पुस्तक सहसा परत उघडत नाही.

यात वाचणाऱ्याचा आळस नसतो, वाट चुकलेली असते. बायबल हे नावच एका ग्रीक अनेकवचनातून आलेलं आहे: 'ता बिब्लिया', म्हणजे पुस्तकं. प्रॉटेस्टंट मोजणीत ती ६६ भरतात, कॅथलिक मोजणीत ७३. ज्यूंच्या तनाखमध्ये, म्हणजे त्यांच्या बायबलमध्ये, २४ आहेत, पण मजकूर प्रॉटेस्टंट जुन्या कराराच्या ३९ पुस्तकांचाच. फक्त बांधणी निराळी. कपाटभर पुस्तकं कुणी डावीकडच्या कोपऱ्यापासून वाचत सुटत नाही, इथेही सुटू नये.

पुस्तकांचा क्रम ही मात्र किरकोळ बाब समजू नका. तनाख इतिहासाच्या पुस्तकाने संपतो. पर्शियाचा राजा कोरेश जाहीर करतो की परमेश्वराच्या लोकांपैकी ज्याला यरुशलेमला जायचं असेल त्याने वर जावं. बस्स, 'वर जावं' यावर पडदा. ख्रिस्ती क्रमात जुना करार मलाखीवर संपतो. एलिया संदेष्टा येणार आहे असं तिथे सांगितलेलं असतं, आणि पान उलटलं की मत्तयाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, समोर येतं. मजकूर तोच, पण एका मांडणीत घरी परतण्याची हाक शेवटी येते आणि दुसरीत कुणाच्या तरी येण्याची चाहूल. साहित्य म्हणून वाचायचं तर आपल्या हातात कोणती मांडणी आहे हे आधी बघून घ्यावं.

सुरुवात योनापासून करा: देव त्याला निनवे शहरी जायला सांगतो आणि तो उलट दिशेला पळतो. चार अध्याय, ४८ वचनं, चहा गार व्हायच्या आत संपतं. मासा डोक्यातून काढून टाका; त्याच्या वाट्याला जेमतेम तीन वचनं आली आहेत, आणि मूळ हिब्रूत तो देवमासा नसून नुसता 'मोठा मासा' आहे. त्याऐवजी 'खाली उतरणं' या क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारत चला. योना याफोला खाली उतरतो, जहाजात उतरतो, जहाजाच्या तळाशी उतरतो, आणि दुसऱ्या अध्यायातल्या प्रार्थनेत डोंगरांच्या मुळांपर्यंत उतरलेला असतो. देवापासून पळणं म्हणजे काय, यावर लेखक एक वाक्यसुद्धा खर्चत नाही. एकच क्रियापद पुन्हा पुन्हा ठेवतो आणि जिना आपोआप तयार होतो. पुस्तक संपतं देवाच्या प्रश्नावर: ज्यांना उजवाडावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं या निनवेत आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, मग मला त्यांची कीव येऊ नये का? योनाचं उत्तर दिलेलंच नाही.

बायबलची सगळी कारागिरी माझ्या मते या एकाच गोष्टीत आहे: तोच शब्द, तोच प्रसंग, तीच ओळ परत आणायची आणि परत आणताना एका जागी बदलायची. शब्दाच्या पातळीवर हे चालतं, ओळीच्या पातळीवर चालतं, पुस्तकापुस्तकांमध्ये चालतं. पुढच्या लेखकांनी बायबलकडून जे उचललं तेही बहुतांशी हेच. म्हणून पुनरुक्ती दिसली की 'हे आधी येऊन गेलंय' म्हणून पुढे सरकू नका. थांबायची जागा तीच.

याचा सर्वांत पक्का नमुना उत्पत्तीच्या ३७ आणि ३८ या अध्यायांत आहे. योसेफाचे भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात. 'मारून काय मिळणार, विकून टाकू' ही कल्पना यहूदाची. मग ते बकरा कापतात, योसेफाचा अंगरखा त्याच्या रक्तात बुडवतात आणि बापाकडे पाठवतात. सोबत निरोप: हे आम्हाला सापडलं, ओळखा पाहू, तुमच्या मुलाचा अंगरखा आहे की नाही? हिब्रूत हे 'ओळखा पाहू' दोन छोटे शब्द आहेत: 'हक्केर ना'. याकोब ओळखतो आणि ऊर फोडून रडतो.

पुढच्या अध्यायात योसेफ गायब होतो आणि यहूदाच्या घरची भलतीच गोष्ट सुरू होते. हा अध्याय इथे उपरा आहे, कुणीतरी मध्ये घुसडला आहे, असं अभ्यासक कितीतरी काळ म्हणत आले. यहूदाची सून तामार विधवा होते. धाकटा दीर वयात आल्यावर त्याच्याशी लग्न लावून देण्याचं वचन यहूदा पाळत नाही. ती तोंडावर बुरखा घेऊन रस्त्याच्या कडेला बसते. यहूदा तिला वेश्या समजतो आणि मोबदला म्हणून कळपातलं एक करडू कबूल करतो. करडू येईपर्यंत तारण म्हणून आपली मुद्रा, तिचा गोफ आणि काठी ठेवतो. तीन महिन्यांनी सून गरोदर असल्याचं कळतं. यहूदा म्हणतो, बाहेर काढा, जाळा तिला. तिला बाहेर नेत असताना ती सासऱ्याकडे वस्तू पाठवते. सोबत निरोप: ओळखा पाहू, ही मुद्रा, हा गोफ आणि ही काठी कुणाची? तेच दोन शब्द, 'हक्केर ना'.

बापाला बकऱ्याच्या रक्ताने आणि एका कपड्याने फसवणारा मुलगा स्वतः करडाच्या वायद्यावर आणि एका बुरख्याने फसतो, आणि फसवणूक उघडी पडते ती त्याच दोन शब्दांनी. एवढ्यावर थांबत नाही. सत्ताविसाव्या अध्यायात याच याकोबाने आपल्या आंधळ्या बापाला फसवलं होतं तेव्हा हातांना गुंडाळली होती ती करडांची कातडी. पुढे बेचाळिसाव्या अध्यायात मिसराचा अधिकारी झालेला योसेफ धान्य मागायला आलेल्या भावांना 'ओळखतो' आणि त्यांच्यापुढे 'अनोळखी होतो'. हिब्रूत ही दोन्ही क्रियापदं त्याच धातूची. अध्याय ३८ कुणी घुसडला असेलच, तर घुसडणाऱ्याला आपण काय करतोय ते नेमकं ठाऊक होतं.

हा दुवा काही आजकालच्या समीक्षकांनी शोधलेला नाही. उत्पत्तीवरच्या प्राचीन ज्यू भाष्यात, 'बेरेशीत रब्बा'त, दीडएक हजार वर्षांपूर्वी तो नोंदलेला आहे: तू बापाला 'हक्केर ना' म्हणालास, तामार तुला 'हक्केर ना' म्हणेल. रॉबर्ट ऑल्टर यांनी १९८१मध्ये बायबलच्या कथनकलेवरच्या पुस्तकात तो पुन्हा पुढे आणला आणि अभ्यासाची दिशा पालटली.

भाषांतर निवडायचं असेल तर हीच दोन वचनं कसोटी म्हणून वापरा: उत्पत्ती ३७:३२ (अध्याय ३७, वचन ३२) आणि ३८:२५. दोन्हीकडे एकच क्रियापद असेल तर ते भाषांतर वाचायला घ्या. एकीकडे 'ओळखा' आणि दुसरीकडे 'पाहून सांगा' असेल, तर अनुवादकाला भाषेचा सफाईदारपणा प्यारा आहे आणि असे शेकडो धागे त्याने तोडलेले असणार. १६११चं प्रसिद्ध इंग्रजी राजभाषांतर (किंग जेम्स बायबल), ज्याच्या गद्याची थोरवी सगळे गातात, ते या कसोटीत नापास होतं. दोन ठिकाणी दोन निराळी क्रियापदं आहेत. आम्ही एका मूळ शब्दाला एकच प्रतिशब्द देण्याचं बंधन पाळलेलं नाही, असं त्याच्या प्रस्तावनेत सरळ सांगितलंय. याच्या दुसऱ्या टोकाला मार्टिन बूबर आणि फ्रान्झ रोझेनत्स्वाइग यांनी १९२५पासून सिद्ध केलेलं जर्मन भाषांतर. परत येणाऱ्या शब्दांनी अर्थ वाहून न्यायचा, हे त्यांचं मुख्य सूत्र. वाचायला खडबडीत, पण धागे शाबूत.

मराठीत वाचताना आणखी एक गंमत होते. हिब्रू गद्य वाक्याला वाक्य 'आणि'ने जोडत जातं. एसाव एका वाटीभर कालवणासाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकतो, त्या प्रसंगाच्या शेवटी (उत्पत्ती २५:३४) पाच क्रियापदं एकामागोमाग येतात: तो जेवला, प्याला, उठला, गेला, आणि त्याने हक्क तुच्छ मानला. मराठीचा नैसर्गिक ओढा 'खाऊनपिऊन उठून चालता झाला' असं म्हणण्याकडे. वाक्य झकास जमतं, पण 'ऊन' लागला की पहिली क्रियापदं शेवटच्याची पायपुसणी होतात. मुळात पाचही क्रियापदं सारख्या वजनाची आहेत, पाच ठोके आहेत. शेवटचा ठोका निवेदकाचा, बाकीचे एसावाचे. याच प्रसंगात भुकेला एसाव 'ते तांबडं, ते तांबडं दे' एवढंच बोलू शकतो, आणि गिळण्यासाठी जे क्रियापद वापरतो ते हिब्रूत पुढे जनावरांना चारा भरवण्यासाठी वापरलं गेलेलं आढळतं. माणूस कसा आहे हे त्याच्या तोंडच्या शब्दांवरून कळतं. वर्णन शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

पद्याकडे वळलं की मराठी कान आपोआप यमक शोधतो. हिब्रू पद्यात यमक नाही आणि आपण ज्याला मात्रा-गणांचं वृत्त म्हणतो तेही नाही. तिथे अर्थाला अर्थ जुळवतात. ओळीचे दोन चरण, कधी तीन. पहिल्यात एक म्हणायचं आणि दुसऱ्यात तेच वेगळ्या शब्दांत. रॉबर्ट लाउथ यांनी ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानांत ही समांतर रचना उलगडून दाखवली. ती व्याख्यानं १७५३मध्ये लॅटिनमधून छापली गेली. लाउथ यांची वर्गवारी अजून पाठ्यपुस्तकांत शिकवतात: समानार्थी, विरुद्धार्थी, आणि उरलेलं सगळं तिसऱ्या खात्यात. तिसरं खातं हे अडगळीचं खातं आहे, हे थोडं वाचलं की लक्षात येतं. जेम्स कुगेल यांनी १९८१मध्ये मांडलेलं जास्त उपयोगी पडतं: दुसरा चरण म्हणजे 'आणि एवढंच नव्हे, तर...'. आमोस ५:२४ घ्या. न्याय पाण्यासारखा वाहू दे. धार्मिकता कधी न आटणाऱ्या ओढ्यासारखी. पहिल्या चरणात नुसतं पाणी आहे, दुसऱ्यात ते बारमाही झालं. दोन चरण सारखेच आहेत असं वाटलं की त्यांच्यातला फरक शोधायचा. कविता त्या फरकात असते.

हे न समजता वाचलं तर काय घडतं याचे दोन नमुने खुद्द नव्या करारात सापडतात. यशया ४०:३ची घडण अशी: वाणी ओरडते, 'अरण्यात परमेश्वराचा मार्ग तयार करा, वाळवंटात आमच्या देवासाठी सडक सरळ करा'. अरण्यात–वाळवंटात, मार्ग–सडक, तयार करा–सरळ करा. चरण इतके काटेकोर जुळतात की 'अरण्यात' हा शब्द मार्गाशीच जोडावा लागतो. शुभवर्तमानांत हेच वचन येतं तेव्हा 'अरण्यात ओरडणाऱ्याची वाणी' होतं, कारण तिथे बाप्तिस्मा देणारा योहान खरोखरच अरण्यात उभा आहे. एक विराम सरकला आणि अरण्य मार्गाकडून माणसाकडे गेलं. दुसरा नमुना जखऱ्या ९:९चा: राजा येतो गाढवावर बसून, गाढवीच्या शिंगरावर बसून. जनावर एकच, चरण दोन. मार्क आणि लूक एकच शिंगरू आणवतात. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात मात्र शिष्य गाढवी आणि शिंगरू अशी दोन जनावरं आणतात. मत्तय चुकला, की भविष्यवाणीचं अक्षर न् अक्षर खरं झालेलं दाखवायला मुद्दाम त्याने तसं लिहिलं, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. समांतर चरणांचं भान असलेला वाचक निदान त्या जागी थबकतो.

काही गोष्टी भाषांतरात येतच नाहीत, त्या माहीत करून घ्यायच्या आणि पुढे जायचं. यशया ५:७मध्ये देव 'मिश्पात'ची, न्यायाची, वाट पाहतो आणि मिळतो 'मिस्पाह', रक्तपात. 'त्सदाका'ची, धार्मिकतेची, वाट पाहतो आणि येते 'त्सआका', किंकाळी. मराठीत नादाच्या जवळ जायचं तर 'नीतीची वाट पाहिली, आली भीती' असं काहीतरी करावं लागेल. विलापगीत हे दुसरं उदाहरण. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं. पहिला, दुसरा आणि चौथा अध्याय प्रत्येकी २२ वचनांचा, प्रत्येक वचन पुढच्या अक्षराने सुरू होणारं. तिसऱ्यात दर अक्षराला तीन, म्हणून ६६. पाचव्यात पुन्हा २२ वचनं, पण वर्णक्रम मोडलेला. शहर बेचिराख झाल्यावरचा शोक चार वेळा अक्षरांच्या कुंपणात बसवला आणि पाचव्यांदा कुंपणच सुटलं. भाषांतरात ही संख्या तेवढी शिल्लक राहते, पण संख्या मोजली तरी निम्मं काम होतं.

अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांचे नाहीत. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, स्टीफन लँग्टन यांच्या नावावर. नव्या करारातले वचनांचे आकडे रोबेर एस्तियेन या छापखानदाराने १५५१मध्ये घातले. कापाकापी कुठे कुठे चुकलीय. सृष्टीच्या सात दिवसांतला सातवा दिवस उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात जाऊन पडलाय. यशयातली दुःखी सेवकाची कविता ५२:१३ला सुरू होते आणि मध्येच ५३वा अध्याय लागतो. म्हणून अध्याय संपला म्हणून पुस्तक खाली ठेवू नका. चार ओळी पुढे वाचून मग ठेवा. हिब्रू आणि इतर आवृत्त्यांत आकडे एखाद्या वचनाने सरकतात, तेव्हा एखादा संदर्भ सापडला नाही तर मागचंपुढचं वचन बघावं.

आता दुसऱ्या शमुवेलाचा अकरावा अध्याय. सत्तावीस वचनांचा आहे आणि माझ्या मते प्राचीन गद्यात याच्या तोडीचं फार थोडं आहे. वसंतात राजे लढाईला निघतात त्या वेळी, असं वाक्य सुरू होतं, आणि राजा दावीद सेनापती यवाबाला पाठवतो व स्वतः यरुशलेमात राहतो. 'पाठवणं' हे क्रियापद या अध्यायात दहाच्या वर वेळा येतं. दावीद चौकशीला माणूस पाठवतो, उरीया या शिपायाच्या बायकोला, बथशेबाला, आणायला पाठवतो, मग उरीयाला पाठवून दे असा निरोप पाठवतो. सत्ता म्हणजे जागचं न हलता पाठवणं. बथशेबा अख्ख्या अध्यायात दोनच शब्द बोलते, तेही निरोपातून: 'हारा आनोखी', मी गरोदर आहे. बाराव्या अध्यायाचं पहिलंच वाक्य: आणि परमेश्वराने नाथानाला (संदेष्ट्याला) दावीदाकडे पाठवलं. क्रियापद तेच, पाठवणारा बदलला.

मधला भाग सावकाश वाचायचा. मूल उरीयाचंच वाटावं म्हणून दावीद त्याला रणांगणावरून बोलावतो आणि म्हणतो, घरी जा, पाय धू. तो घरी न जाता राजवाड्याच्या दारात झोपतो. का गेला नाहीस, असं विचारल्यावर उरीया म्हणतो: कोश आणि सैन्य तंबूत असताना मी घरी जाऊन खाऊ, पिऊ आणि बायकोजवळ निजू? बायकोजवळ निजण्याची गोष्ट दावीदाने काढलेलीच नव्हती. उरीयाला कळलं होतं का? निवेदक सांगत नाही. उरीया भोळा, निष्ठावान शिपाई आहे असं धरूनही अध्याय नीट लागतो, आणि तो सगळं ओळखून राजाला त्याच्याच दारात उघडं पाडतोय असं धरूनही लागतो. इथे वाचक सर्वांत जास्त घसरतो. दोहोंपैकी एक निवडतो आणि मोकळा होतो. दोन्ही शक्यता हातात धरून पुढे जाणं जड जातं, पण प्रसंग तसाच बांधलाय. आपल्या मृत्यूचा हुकूम असलेलं पत्र उरीया स्वतःच यवाबाकडे घेऊन जातो, तेव्हा ती दुसरी शक्यता जास्त बोचते.

मग नाथान गोष्ट सांगतो. एका गरिबाची एकच मेंढी होती. त्याच्या घासातलं खायची, त्याच्या पेल्यातलं प्यायची, त्याच्या कुशीत निजायची. खाणं, पिणं, निजणं: उरीयाच्या तोंडची तीन क्रियापदं त्याच क्रमाने परत आली आहेत. मेलेला माणूस गोष्टीतून बोलतोय आणि दावीदाला ऐकू येत नाही. तो संतापून त्या काल्पनिक श्रीमंताला शिक्षा सुनावतो, आणि नाथान दोन शब्दांत संपवतो: 'अत्ता हाईश'. तो माणूस तूच.

होमरशी तुलना करून हा प्रकार एरिख आउअरबाख यांनी समजावला. इस्तंबूलमध्ये निर्वासित असताना लिहिलेलं, १९४६मध्ये छापलेलं त्यांचं 'मिमेसिस' ओडिसियसच्या पायावरच्या व्रणाने सुरू होतं. होमर सगळं उजेडात आणतो, व्रण कसा पडला तेही सांगतो. अब्राहाम मुलाचा बळी द्यायला तीन दिवस चालतो आणि त्या तीन दिवसांत काय बोलला, काय वाटलं, काहीच नाही. रिकाम्या जागा हे या गद्याचं भांडवल आहे, आणि नंतरच्या हजारो लेखकांनी शिरकाव केला तो याच जागांतून.

शिरकाव करणारे पहिले लेखक बायबलमधलेच. रिबका, राहेल आणि सिप्पोरा या तिघींची लग्नं विहिरीवरच्या भेटीतून जुळतात: परदेशी पुरुष, विहीर, पाणी, मुलगी घरी धावत जाते, पाहुण्याचं आगतस्वागत, सोयरीक. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू परमुलखात याकोबाच्या विहिरीवर बसतो आणि एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. आधीच्याच अध्यायात त्याला 'नवरदेव' म्हटलेलं आहे. जुन्या गोष्टी मुरलेल्या वाचकाला पुढे काय होणार याची खात्री असते, आणि तेवढ्यात कळतं की तिचे पाच नवरे होऊन गेलेत. साचा पूर्ण उभारून त्याला कलाटणी दिली आहे. मत्तयाच्या वंशावळीचंही तसंच. ती नावांची यादी कंटाळवाणी म्हणून गाळतात. पण पुरुषांच्या त्या रांगेत मरीयेआधी चारच स्त्रिया आहेत: तामार, राहाब, रूथ, आणि चौथीचं नाव न घेता 'उरीयाची बायको'. दोन शब्दांत अख्खा अकरावा अध्याय आत आणून बसवला.

लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या मुलाची गोष्ट इतकी परिचित आहे की ती कुणी वाचत नाही, आठवतात. परत वाचा, वाक्यं मोजत. डुकरं राखणारा मुलगा घरी गेल्यावर काय बोलायचं ते ठरवतो, तीन भागांत: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवायला लायक नाही, मला एका चाकरासारखं ठेवा. प्रत्यक्षात तो पहिले दोन भाग बोलतो आणि बाप चाकरांना झगा आणायला सांगू लागतो. तिसरा भाग त्याच्या तोंडातच राहतो. काही जुन्या हस्तलिखितांत नकलनविसांनी तो तिसरा भाग तिथे भरून टाकलाय, जणू मूळ लेखक विसरला होता. पुढे थोरला भाऊ बापाला म्हणतो, 'हा तुमचा मुलगा'. बाप उत्तरात म्हणतो, 'हा तुझा भाऊ'. एक शब्द बदलला. थोरला घरात गेला की नाही, ते योनाच्या उत्तरासारखंच अधांतरी.

बाहेरच्या साहित्यावरचा प्रभाव शोधताना सर्वांत मोठा धोका म्हणजे प्रत्येक कादंबरीत ख्रिस्त दिसायला लागणं. हात पसरून उभं राहिलेलं पात्र म्हणजे क्रूस, बारा माणसं जेवायला बसली की शिष्य. संदर्भ खरा की ओढूनताणून, याची एक साधी परीक्षा आहे: मूळ प्रसंगाच्या आजूबाजूचा मजकूर आणून ठेवला तर कादंबरी वेगळी वाचता येते का? फॉकनरच्या १९३६च्या कादंबरीचं नाव 'अबशालोम, अबशालोम!' आहे. राजा शौल आणि त्याचा मुलगा योनाथान लढाईत पडले तेव्हा दावीदाने घडीव, देखणी विलापिका रचली होती. स्वतःविरुद्ध उठलेला मुलगा अबशालोम मारला गेला तेव्हा कवीला शब्द सुचत नाहीत. 'माझ्या मुला' पाच वेळा आणि 'अबशालोम' तीन वेळा, एका वचनात. मुलाला मुलगा न म्हणणाऱ्या बापाच्या कादंबरीला हे नाव देणं म्हणजे कादंबरीत जे वाक्य कधीच उच्चारलं जात नाही ते मुखपृष्ठावर छापणं. ही परीक्षा उत्तीर्ण झाली. स्टाइनबेकची १९५२ची 'ईस्ट ऑफ ईडन' भावाचा खून करणाऱ्या काइनाच्या गोष्टीतल्या एका क्रियापदावर उभी आहे. कादंबरीत ते 'तिमशेल' असं छापलंय, हिब्रूत 'तिमशोल' आहे. उच्चार हुकला तरी प्रश्न अचूक पकडलाय: तू पापावर सत्ता चालवशील, चालव, की चालवू शकतोस? नावं नसतानाही प्रभाव असू शकतो. अमेरिकी कवी व्हिटमनच्या लांबच लांब, यमकमुक्त ओळी स्तोत्रांच्या समांतर चरणांवर पोसलेल्या आहेत, तिथे एकही पात्र बायबलमधलं असण्याची गरज नाही.

मराठीत हे उलट दिशेने घडलं. १६१६मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलेलं फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' दहा हजारांवर ओव्यांचं आहे. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं ख्रिस्ताचं. अर्थाची यमकं असलेला मजकूर नादाची यमकं असलेल्या ओवीत आला, आणि कमी बोलणारा निवेदक जाऊन ऐसपैस सांगणारा पुराणिक आला. उरीयाला कळलं होतं का, या जातीच्या प्रश्नांना पुराणात जागा कमी असते. बदल्यात लय मिळते, श्रोते मिळतात. ना. वा. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, तेही ओवीतच. याउलट पंडिता रमाबाईंनी थेट हिब्रू-ग्रीकवरून केलेलं, त्यांच्या निधनानंतर १९२४मध्ये प्रसिद्ध झालेलं भाषांतर. वरची दोन वचनांची कसोटी तिथेही लावून पाहावी.

मेल्विलच्या 'मॉबी डिक'मध्ये (१८५१) अहाब आहे, इश्माएल आहे, एलिया नावाचा विक्षिप्त माणूस आहे, योनावरचं अख्खं प्रवचन आहे. पण सगळ्यांत नेमका दुवा उपसंहाराच्या माथ्यावर छापलेल्या एका वाक्याचा. ईयोबाच्या पहिल्या अध्यायात चार निरोपे एकामागून एक येतात. बैल गेले, मेंढरं जळाली, उंट नेले, मुलं घराखाली चिरडली. चौघेही निरोप संपवताना तेच वाक्य म्हणतात: मी एकटाच निसटून तुम्हाला सांगायला आलो. मेल्विलने ते पाचव्यांदा म्हटलं, इश्माएलच्या वतीने. लंडनला आधी निघालेल्या आवृत्तीत हा उपसंहार छापायचा राहून गेला. जहाज बुडालं, सगळे मेले आणि पुस्तक संपलं. मग तिथल्या समीक्षकांनी विचारलं, ही गोष्ट सांगायला वाचलं कोण?